ट्रंकेतला सूटपीस: शिवावा की रेडिमेड घ्यावा?

तिसरा_मजला (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात कोल्हापूरला आहे. मी एकुलता भाऊ. सकाळी कानपिळीला कुर्ता आणि संध्याकाळी रिसेप्शनला सूट, असं आईनं परस्पर जाहीर करून टाकलंय. हातात सात आठवडे आहेत.

सूटशी माझं जुनं वैर आहे. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका कार्यक्रमासाठी मॉलमधून काळा रेडिमेड सूट घेतला होता. मी आरशासमोर उभा राहिलो आणि विक्रेत्यानं मागून पाठीवरचं कापड चिमटीत धरून ठेवलं. पुढून मी साक्षात हिरो. त्यानं चिमूट सोडली ती बिल झाल्यावर. नंतर फोटो बघितले तर कोटाचे खांदे माझ्या खांद्यांच्या दोन बोटं पुढे गेलेले, बाहीतून फक्त नखं बाहेर, आणि डाव्या बाहीवर कंपनीचं लेबल तसंच. ते उसवून टाकायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळभर मी जाहिरात करत हिंडलो.

आता प्रश्न असा. घरी ट्रंकेत एक सूटपीस आहे. १९८६ साली बाबांच्या लग्नात आजोळाकडून दोन आले होते. एकाचा सूट शिवला, दुसरा 'पुढे बघू' म्हणून ठेवला तो अजून ठेवलेलाच. गडद निळा, अगदी बारीक रेघ. आई म्हणते, चांगलं कापड घरात असताना बाहेर पैसे कशाला घालायचे. बायको म्हणते, या कापडात तू फोटोत तुझ्या बाबांच्याच लग्नातला पाहुणा दिसशील.

उंची ५ फूट ५, छाती ४०, पोट ३९. रेडिमेड घेतला तर काय बघायचं? शिवला तर शिंप्याला काय सांगायचं?

चहाबाज (सोमवार, रात्री १०:३१)

'चिमूट सोडली ती बिल झाल्यावर' 😂 हाच प्रयोग माझ्यावर स्वतःच्या लग्नात झालाय. वाचतोय.

सुईदोरा (सोमवार, रात्री ११:५०)

वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं. दहावीपर्यंतचा अभ्यास काउंटरमागे बसून केलाय. मी स्वतः शिवत नाही, पण दुसऱ्याच्या कोटातली चूक दिसल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे कुठल्याही रिसेप्शनला जेवण धड जात नाही.

आधी कापड बघा. ट्रंकेतून काढा, घड्या मोडा आणि उजेडासमोर धरा. घडीच्या रेघेवर विरलंय का, कसरीनं भोकं पाडलीत का, ते लगेच कळेल. मग लांबी आणि पन्हा (कापडाची रुंदी) मोजा. ५८ इंची पन्ह्याला तीन मीटरमध्ये तुमच्या उंचीच्या माणसाचा कोट-पँट होतो. सव्वातीन असेल तर मास्टर कुरकुर करत नाही. दोन-ऐंशी निघाला तर आधी मास्टरला दाखवा, मग आईला शब्द द्या.

काठावर काही विणलेलं असेल तर वाचा, मिलचं नाव आणि कापडाची जात बहुतेक तिथेच असते. नसेल तर कडेचे चार धागे ओढून जाळून बघा. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही मिळून निघालं तर टेरी-वूल. कापण्याआधी कापडाला पाणी दाखवून, वाफ देऊन घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीनला आटेल ते आटेल.

आता रेडिमेडचं. तिथे खांदा बघायचा, आणि तो बसला नाही तर पुढचं काही न बघता हँगरला परत. खांद्याची शिवण तुमचं हाड संपतं तिथे संपायला हवी. बाहेर लोंबली की खाली बाहीत खळगा पडतो. आत आली की दंड बाहेर फुगतो. भिंतीला बाजूनं टेकून उभे राहा. दंड लागायच्या आधी कोटाचं पॅड चेपलं तर कोट मोठा. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते (कफाची काजं खरीखुरी कापलेली नसतील तर), पँट हवी तशी होते. पण खांदा उतरवून पुन्हा बसवणं म्हणजे अर्धा कोट नव्यानं शिवणं, आणि त्याचे पैसेही तसेच. कोटाची लांबीही फार कापू नये, खिसे खाली घसरल्यासारखे दिसतात.

दुसरी अडचण तुमच्या मापातच आहे. सेटमध्ये ४० च्या कोटाबरोबर सहसा ३४ ची पँट येते. छाती आणि कंबर यांत सहा इंचांचा फरक त्यांनी धरलेला असतो. आपल्या पोटांनी त्या करारावर कधी सही केली नाही. कोट आणि पँट वेगवेगळ्या मापात देणारं दुकान सापडलं तर ठीक, नाहीतर शिवाच.

नीरफणस (मंगळवार, सकाळी ८:०५)

नवऱ्याच्या तीन सूटांची साक्षीदार म्हणून लिहिते. पुरुष ट्रायलला पोट आत ओढून, श्वास धरून, झेंडावंदनाला उभं राहिल्यासारखे उभे राहतात. त्या अवस्थेत कुठलाही सूट बसतो.

तिसरा_मजला, रिसेप्शनला स्टेजजवळ उभं राहून तुम्हाला किती लोकांच्या पाया पडायचंय? ट्रायललाच वाकून एक नमस्कार घालून बघा. आमच्याकडे चुलतसासऱ्यांना नमस्कार करताना सीटवर जो आवाज झाला तो बँडवाल्यांनीही ऐकला. मग खुर्चीत बसा. बसताना कोटाची बटणं सोडायची, उठलं की लावायची, याचीही सवय आधीच करा. हात वर करून बघा, फोटोग्राफर उखाण्याच्या वेळी टाळ्या वाजवायला लावतो. फोटो दुसऱ्या कुणाकडून बाजूनं आणि पाठीमागून काढून घ्या, आरशाला पाठ दिसत नाही.

आणि मोजे! बूट दाराशी काढून आत जायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. हजाराच्या कोटाखाली अंगठा बाहेर आलेला मोजा, हे चित्र मी दर मोसमात एकदा तरी बघते.

काळा घेऊ नका. काळ्या सूटचा फोटोत नुसता ठिपका होतो, ना कॉलर दिसते ना खिसा. घरात गडद निळा आहे तर आईचं ऐका.

उपाशी_वाघ (मंगळवार, दुपारी १:२०)

मुळात सूट कशाला? इंग्रज गेले, टाय मागे ठेवून गेले. लंडनच्या थंडीचा कपडा घालून आपण मे महिन्यात पंखा नसलेल्या कार्यालयात घाम पुसत उभे असतो. सुती कुर्ता, वर एक जाकीट, पायात कोल्हापुरी. लग्न कोल्हापूरलाच आहे!

पिंपळपान (मंगळवार, रात्री ९:४५)

उकाडा मान्य. मी नागपूरचा आहे, उकाडा आम्हाला कुणी शिकवू नये. पण 'इंग्रजांची नक्कल' म्हटलं की विषय संपला असं नाही.

आमच्या घरात सूट म्हटलं की आधी बाबासाहेब. चौकाचौकातला पुतळा बघा, निळा कोट, टाय, हातात संविधान. ज्यांना अंगभर चांगलं नेसायचीही मुभा नव्हती त्यांच्या घरात त्या कोटाचा अर्थ वेगळा होतो.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. आयुष्यभर कापड विणणाऱ्यांत, अंगावर मात्र जाडाभरडा सदरा. माझे वडील बी.ए. झाले तेव्हा आजोबा त्यांना पेढ्यांच्या आधी शिंप्याकडे घेऊन गेले. शिलाई उधारीवर, तीन महिन्यांत फेडली. त्या सूटमधला स्टुडिओत काढलेला फोटो आमच्या भिंतीवर आहे. बाह्या लांब, छातीत सैल, कारण आजोबांनी शिंप्याला बजावलं होतं, 'वाढत्या अंगाचा शिव, नोकरीला लागला की भरेल.' सुईदोरा यांनी बघितला तर त्या दिवशीही त्यांना जेवण जाणार नाही. पण त्या कोटाला मी कुणाला हसू देत नाही.

सुईदोरा (मंगळवार, रात्री १०:१०)

त्या कोटातली चूक नाही काढणार मी. वडिलांच्या दुकानात असे कोट शिवून गेलेत. एक मात्र सांगतो, सैल शिवला असेल तर आत मार्जिनही (शिवणीत दुमडलेलं जादा कापड) भरपूर ठेवलं असणार. जुने मास्टर पुढच्या माणसाचा विचार करायचे.

उपाशी_वाघ (मंगळवार, रात्री १०:३२)

पिंपळपान, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नक्कल हा शब्द मागे घेतो. उकाडा मागे घेत नाही.

तिसरा_मजला (गुरुवार, रात्री ९:००)

मोजणी झाली. लांबी ३ मीटर १०, पन्हा ५८. कसरीचं एक भोक, तेही काठाजवळ, कापण्यात जाईल. गॅसवर धागे जाळले. अर्धी राख, अर्धा मणी. म्हणजे टेरी-वूल. नेमकी त्याच वेळी आई स्वयंपाकघरात आली आणि 'माझ्या माहेरचं कापड जाळतोय' असं बाबांना ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, उरलेलं शिवायला दे.

तर शिवतोय. आता मास्टरला काय सांगू?

सुईदोरा (गुरुवार, रात्री ११:३५)

उत्तम. ओळीनं लिहीत नाही, आठवेल तसं लिहितो.

माप द्यायला जाताना रिसेप्शनला घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा. चपलेवर पँटचं माप देऊन बुटांवर घालणाऱ्यांची पँट घोट्याशी एकतर गोळा होते नाहीतर वर टांगते. पँटची मोहरी, म्हणजे खालची कड, बुटावर जेमतेम टेकावी. तुमच्या उंचीला तिथे चुण्यांचा ढीग नको, तुम्ही आणखी दोन इंच कमी दिसाल.

पँट बेंबीवर बांधायची. पोटाखाली पट्टा आवळलात की कोटाचं बटण आणि पट्टा यांच्या मधून शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो, टायचं टोक त्यावर लोंबतं, आणि पोट आहे त्याच्या दीडपट दिसतं. पोट झाकायचा याच्याइतका स्वस्त उपाय नाही. पट्ट्याऐवजी बाजूला बकल लावून घेतलंत तर आणखी बरं.

कोट मागून सीट झाकेल एवढा हवा. हल्ली आखूड कोटाची फॅशन आहे, ती सडपातळ पोरांना शोभते. बटणं दोन. वरचं लावायचं, खालचं कधीच नाही. इंग्लंडचा सातवा एडवर्ड पोट सुटल्यामुळे खालचं बटण सोडायला लागला आणि बाकीच्यांनी त्याचं बघून तेच केलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, आता कोट कापतातच त्या हिशेबानं, खालचं लावलं की कमरेपाशी कापड ओढलं जातं. वरचं बटण लावल्यावर त्यातून फुलीसारख्या चुण्या फुटल्या तर पोटावर तंग. मानेमागे शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांत फट दिसली तर मास्टरला दाखवा, हे पहिल्या ट्रायललाच सुधारतं. शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर.

दोन ट्रायल मागा. पहिली कच्च्या शिलाईची, पांढऱ्या दोऱ्याचे टाके असलेली. 'ट्रायलची गरज नाही, माप बरोबर घेतलंय' म्हणणारा मास्टर कितीही मोठा असो, तिथून उठा. आणि कोटाच्या छातीला आकार देणारा आतला थर कसला, सुटा टाचलेला कॅनव्हास की चिकटवायचं बक्रम, ते आधीच विचारा. कॅनव्हासला पैसे जास्त पडतात, पण छातीवर कोट तुमच्या अंगाप्रमाणे बसत जातो.

दूरदेशी (शुक्रवार, पहाटे ३:१५)

श्टुटगार्टहून. बक्रमवरून आठवलं. लॅपेलच्या (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) खालचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकं ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास. सगळं पुठ्ठ्यासारखं एकच लागलं तर चिकटवलेलं. चिकटवलेलं म्हणजे वाईटच असं नाही, पण माझ्या एका कोटाला तिसऱ्या ड्रायक्लीनला छातीवर बुडबुडे आले. पापड भाजल्यावर येतात तसे. ते परत बसत नाहीत.

दुकानात 'सुपर १५०' वगैरे ऐकून भुलू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ होतं आणि नाजूकही. वर्षातून चार लग्नं आणि एक इंटरव्ह्यू एवढ्यासाठी १०० ते १२० पुष्कळ.

माझी चूक सांगून ठेवतो. दोन आठवड्यांच्या सुट्टीत आलो, विमानतळावर जायच्या आदल्या रात्री सूट हातात पडला, घालून बघायला वेळ नाही. इथे येऊन बघतो तर एक बाही दुसरीपेक्षा पाऊण इंच लांब. इकडे ती दुरुस्त करायला जे पैसे पडले त्यात तिकडे एक पँट शिवून झाली असती.

मांडवी (शुक्रवार, सकाळी ११:००)

अवांतर: आमच्या गोव्यात सूट शिवायची परंपरा चर्चमधल्या लग्नांमुळे टिकून आहे. नवऱ्याच्या मागे उभे राहणारेही एकाच कापडातले. शिंप्याला पोर्तुगीजमध्ये आल्फायात म्हणतात, तो शब्द मूळ अरबी 'अल-खय्यात'. आपला दर्जी फारसीतून आला. शिंपी तेवढा घरचा.

उकाड्याबद्दल: आमच्याकडे अर्ध्या अस्तराचा कोट शिवतात. पाठीला अस्तर नाही, फक्त खांद्यापाशी. फरक पडतो.

तिसरा_मजला (दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:२०)

पहिली ट्रायल झाली. पेठेतले एक वयस्कर मास्टर सापडले, शिलाई आठ हजार, कॅनव्हाससकट. कापड टेबलावर पसरून त्यांनी आधी नुसता हात फिरवला. मग काठ बघितला, मला म्हणाले, 'वडिलांचं?' मी हो म्हटलं. 'आता असा पीळ देत नाहीत,' एवढं बोलून टेप गळ्यात घातली.

कच्चा कोट अंगात घातला. एक बाही लावलेली, एक नाही. पांढरे टाके, छातीवर खडूच्या रेघा. त्यांनी मागून बघितलं आणि विचारलं, 'बॅग कुठल्या खांद्याला लावता?' उजव्या. 'तो अर्धा इंच उतरलाय.' बारा वर्षं लॅपटॉप वाहिल्याची पावती. मग तोंडातल्या टाचण्या काढून उजव्या बाजूला मानेखाली कापड थोडं उचललं, टाचलं, आणि त्या बाजूला कापसाचा पातळ थर जास्त देऊ म्हणाले. पाठीवर काखेकडून तिरकी जाणारी सुरकुती होती, ती माझ्या डोळ्यादेखत गेली. मी पोट आत ओढलंच होतं. त्यांनी वर न बघता सांगितलं, 'सोडा साहेब. लग्नात किती वेळ धरणार?'

नीरफणस, तुमच्या सांगण्यावरून मी दुकानात वाकून नमस्कार घातला. मास्टरांना वाटलं त्यांनाच. 'सुखी राहा' म्हणाले. सीटला अर्धा इंच सोडायचं ठरलं.

नीरफणस (शनिवार, रात्री ८:४४)

आशीर्वाद आठ हजारांतच धरला ना?

सुईदोरा (रविवार, सकाळी ७:३०)

हे मास्टर सोडू नका.

सूट हातात आल्यावर करायच्या गोष्टी. मागच्या चिरेवर फुलीचा टाका असतो, तो कापायचा. खिसे कच्च्या दोऱ्यानं बंद असतात. छातीचा उघडा, बाजूचे राहू दिलेत तर कोट लोंबत नाही. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे अजिबात देऊ नका. तो बिचारा सवयीनं लॅपेलला चपातीसारखी घडी मारतो, आणि टेरी-वूलवर थेट इस्त्री फिरली की चकाकी येते ती जात नाही. न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत टांगून ठेवला तरी बऱ्याच चुण्या निघून जातात. अगदीच लागलं तर ओलं सुती फडकं वर ठेवून इस्त्री दाबायची, घासायची नाही.

दर वापरानंतर ड्रायक्लीन नको. ब्रश मारा, रात्रभर वाऱ्यावर टांगा, रुंद खांद्याच्या हँगरला लावा. प्लॅस्टिकची पिशवी काढून जुन्या धोतराची खोळ शिवून घ्या, नाहीतर आपल्या पावसाळ्यात कॉलरवर बुरशीचे गोल ठिपके हमखास. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. पुरचुंडीत बांधून वर अडकवा.

चहाबाज (रविवार, सकाळी ९:१०)

ही खोळीची आयडिया आवडली. माझा सूट दुकानाच्या पिशवीत २०१७ पासून आहे. आत्ता उघडून बघतो.

चहाबाज (रविवार, सकाळी ९:२६)

बघायला नको होता.

तिसरा_मजला (डिसेंबर, बुधवार, रात्री ११:०५)

लग्न झालं. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

खांदे जिथे माझे तिथेच कोटाचे. बाबांनी आपला १९८६ चा सूट काढून ठेवला होता, ते घालून बघायचं म्हणाले, बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर. पिंपळपान आणि सुईदोरा, तुमच्यासाठी सांगतो, मास्टरांनी तो उलटा करून दाखवला, आत खरंच मार्जिन आहे, पण वीतभर नाही. शेवटी बाबा बंदगळ्यावर आले.

एक घोटाळा झालाच. बाजूचे खिसे न उघडता ठेवले, सुईदोरांचं ऐकून. रिसेप्शनला लोक बहिणीच्या हातात पाकिटं देणार, ती माझ्याकडे सरकवणार, हे गणित कुणी केलंच नव्हतं. पहिली आठ आतल्या खिशात गेली, छाती एका बाजूनं फुगली. मग बायकोनं पर्समधली नखं कापायची कात्री काढून स्टेजमागे दोन्ही खिसे उसवले. उपाशी_वाघ, घाम आला, पण तो तेव्हाच.

आणि सकाळी कानपिळी. मी भावजींचा कान जरा मनापासूनच पिळला. त्यांच्याकडून मानाचं ताट आलं. वर टोपी, खाली शाल, शालीखाली सूटपीस. राखाडी. आईनं तो तिथल्या तिथे माझ्या हातातून घेतला, घरी आल्यावर ट्रंकेत ठेवला आणि म्हणाली, पुढे बघू.

सुईदोरा (बुधवार, रात्री ११:४०)

पाकिटांचं माझ्या लक्षातच आलं नाही, माफी असावी. राखाडीची लांबी आणि पन्हा मोजून इथे टाका.